लोड बॅलन्सर होता, तरी डेटाबेस का बसला? डेटाबेस प्रॉक्सी आणि लोड बॅलन्सर यातला फरक

"दादा, एचएप्रॉक्सी आहे की आपल्याकडं, मग परत मध्ये ते पीजीबाउन्सर कशाला?" एचएप्रॉक्सी म्हणजे आमचा लोड बॅलन्सर, येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटून देणारा, आणि पीजीबाउन्सर म्हणजे ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये बसणारा डेटाबेस प्रॉक्सी. आमच्या टीममधल्या निपाणीच्या पोरीनं गेल्या आठवड्यात हे विचारलं, आणि मी उत्तर द्यायला लागलो तर लक्षात आलं की हे दोन वाक्यात सांगण्यासारखं नाहीच. चहा झाला, दुसरा चहा झाला, बेळगावात टिळकवाडीच्या ऑफिसातला पांढरा बोर्ड पूर्ण भरला तेव्हा कुठं तिला पटलं. म्हणून तेच इथं निवांत लिहितोय, कारण हा गोंधळ तिचा एकटीचा नाही, आठ-दहा वर्षं काम केलेली माणसं पण "प्रॉक्सी म्हणजे लोड बॅलन्सरच की" म्हणून मोकळी होतात.

आधी आमच्याकडं काय झालं ते सांगतो. आमचं काम दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचं. खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या गावच्या डेअऱ्या, सकाळी सहाला शटर वर, माणसं किटल्या घेऊन ओळीत, सचिव सभासद नंबर टाकतो, काट्यावर वजन येतंय, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) येतंय, बटण दाबलं की पावती. एका पावतीला दहा-पंधरा सेकंद. आता गंमत अशी की सगळ्या गावात म्हशी एकाच वेळी पिळतात, त्यामुळं आमचा सगळा लोड सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी परत तेवढाच वेळ, दुपारी सर्व्हर नुसता बसून असतोय. डेअऱ्या वाढल्या तशी सकाळी पावती हळू निघायला लागली. मग आम्ही सगळे जे करतात तेच केलं, ॲपचे दोन सर्व्हर होते त्याचे तीन केले आणि पुढं असलेल्या लोड बॅलन्सरला तिसरा जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन सुरू. पावती हळू नाही, पावती बंदच. लॉगमध्ये पोस्टग्रेसची, म्हणजे आमच्या डेटाबेसची, एकच ओळ परत परत, "सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी". सर्व्हर वाढवला म्हणून डेटाबेस बसला.

हिशेब अगदी साधा आहे, फक्त तो आम्ही आधी केला नव्हता. पोस्टग्रेसमध्ये एकावेळी किती कनेक्शन घ्यायची याची मर्यादा असते, मूळ सेटिंग १०० चं, त्यातली ३ सुपरयुजरसाठी (डेटाबेसच्या ॲडमिनसाठी) राखीव, म्हणजे आपल्या हातात ९७. आमचा प्रत्येक ॲप सर्व्हर गर्दीत ४० पर्यंत कनेक्शन उघडून धरायचा. दोन सर्व्हरचे ८० झाले, भागलं. तिसरा आला, १२० झाले, संपलं. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी पण निवांत राहू नये, तिथं मूळ आकडा १५१ आहे, एवढाच फरक.

मग लगेच सगळ्यांच्या डोक्यात येतंय ते, की १०० चे ५०० करा की, विषय संपला. करता येतंय. पण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस उभी राहते, तिची स्वतःची मेमरी, आणि मशीनला कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे भाग, असतात आठ. ५०० जण एकदम काम मागायला लागले तर आठ कोअर त्यांच्यात नुसते इकडून तिकडं उड्या मारत बसतात, कुणाचंच काम लवकर होत नाही. जुना अंदाज असा की एकावेळी खरोखर काम करणारी कनेक्शनं कोअरच्या दुपटीच्या आसपास असली की डेटाबेस सगळ्यात जास्त काम उपसतो. आठ कोअरला म्हणजे सोळा-वीस. आमची १२० पैकी बहुतेक कनेक्शनं नुसती उघडी धरून बसलेली होती, सचिव पुढच्या सभासदाचा नंबर टाकेपर्यंत काही काम नाही, पण जागा मात्र अडवलेली.

इथं लोड बॅलन्सर काय करत होता? त्याचं काम तो बरोबरच करत होता, आणि हाच मुद्दा समजून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडची नाडकचेरी, म्हणजे महसुलाचं ऑफिस, डोळ्यासमोर आणा. दारात एक माणूस असतो, तो तुमच्या हातातला कागद वाचत नाही, तो ओळी बघतो आणि सांगतो, "तीन नंबरला जावा, तिथं गर्दी कमी आहे". तो माणूस लोड बॅलन्सर. कोण आलं, कुठली खिडकी चालू आहे, कुठं ओळ छोटी आहे, एवढं त्याला कळलं की पुरतं. कागद कन्नडात आहे का मराठीत, त्यात काय लिहिलंय, याच्याशी त्याचा संबंध नाही, म्हणूनच तो झपाट्यानं माणसं पुढं सरकवतो.

आणि बाहेर झाडाखाली टेबल टाकून दुसरा एक माणूस बसलेला असतो, अर्ज लिहून देणारा. खानापूरकडचा म्हातारा माणूस ज्याला कन्नड लिहिता येत नाही, तो त्याच्याकडं जातो. हा कागद वाचतो. नुसता उतारा काढायचाय का वारसा लावायचाय हे त्याला कळतं, उतारा असला तर कुठून मिळतोय आणि नाव चढवायचं असलं तर कुणाच्या टेबलावर गेलं पाहिजे हे पण माहीत. वरनं आणि एक, पन्नास माणसांचे कागद त्याच्याकडं येतात पण आत पन्नास माणसं जात नाहीत, तो त्याच्या दोन पोरांना आत पाठवतो, एकाचं झालं की तोच पोरगा दुसऱ्याचा कागद घेऊन जातो. हा डेटाबेस प्रॉक्सी. त्याला आतल्या ऑफिसची भाषा येते. सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

आता हे कंप्युटरच्या भाषेत. वेबसाइटच्या पुढं लोड बॅलन्सर इतका छान का चालतो, तर एचटीटीपीची रिक्वेस्ट स्वतःत पूर्ण असते, पान मागितलं, पान दिलं, झालं. पुढची रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरला गेली तरी काही बिघडत नाही. डेटाबेसचं कनेक्शन तसं नसतं, त्याला आठवण असते. बिगिन म्हणून व्यवहार सुरू केला की कमिट होईपर्यंत पुढची प्रत्येक ओळ त्याच कनेक्शनवर गेली पाहिजे, मध्येच तात्पुरतं टेबल केलेलं असतं, टाइमझोन बदललेला असतो, कुलूप धरलेलं असतं. एचएप्रॉक्सी पोस्टग्रेसच्या पुढं टीसीपी पद्धतीनं (आतलं न वाचता नुसतं पुढं ढकलायचं) लावला तर त्याला नुसते बाइट दिसतात, व्यवहार कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे दिसत नाही. म्हणून त्याला एकच सुरक्षित गोष्ट करता येते, आत आलेल्या एका कनेक्शनसाठी पलीकडं एक कनेक्शन, शेवटपर्यंत तीच जोडी. १२० आत आली की १२० बाहेर. त्यात मर्यादा घालून रांग लावता येते, होय, पण रांगेतला नंबर लागणार कधी, तर आधीचा कुणीतरी कनेक्शन बंद करेल तेव्हा, आणि ॲपचा पूल (उघडलेली कनेक्शनं परत वापरायला धरून ठेवलेला साठा) तर कनेक्शन बंदच करत नाही, दिवसभर उघडं धरतो. म्हणजे रांगेतल्यानं टाइमआउट होईपर्यंत उभं राहायचं.

पीजीबाउन्सरला मात्र पोस्टग्रेसचा प्रोटोकॉल, म्हणजे त्याची बोलायची भाषा, कळतो. व्यवहार संपला की पोस्टग्रेस स्वतःच "आता मी मोकळा" असा निरोप देतो, पीजीबाउन्सर तो वाचतो आणि ते कनेक्शन लगेच दुसऱ्याला देतो. ॲपला वाटतंय माझं कनेक्शन उघडंच आहे, पण पलीकडं त्याच्यासाठी कुणी अडकून पडलेलं नाही. हे सॉफ्टवेअर मूळ स्काईपमध्ये बनलं, २००७ च्या सुमाराला, आणि एवढं हलकं आहे की त्याच्याकडच्या एका कनेक्शनला मेमरी लागते २ केबीच्या आसपास. पोस्टग्रेस ५४३२ पोर्टवर असतो, हे ६४३२ वर. मूळ सेटिंगमध्ये पूल २० चा. आम्ही तोच २० ठेवला, ॲपचे १२० तसेच राहू दिले (पीजीबाउन्सरची स्वतःची मूळ मर्यादा पण १०० क्लायंटचीच असते, ती तेवढी वाढवली), आणि दुसऱ्या सकाळी सव्वासहाला फोन आला नाही. एक पावती म्हणजे डेटाबेसचं काही मिलिसेकंदांचं काम, त्यामुळं २० कनेक्शनांत अख्खी सकाळ आरामात निघते.

पण हे फुकट मिळत नाही, आणि इथं मी जरा थांबून सांगणार आहे कारण याच जागी लोक अडखळतात. पीजीबाउन्सर तीन पद्धतीनं चालतो. सेशन पद्धत म्हणजे ॲपनं सोडेपर्यंत कनेक्शन त्याचंच, यात काही मोडत नाही पण आमच्यासारख्या अडचणीत फायदा पण नाही. ट्रान्झॅक्शन पद्धत म्हणजे व्यवहार संपला की काढून घेणार, खरा फायदा इथं. स्टेटमेंट पद्धत म्हणजे प्रत्येक ओळीनंतर काढून घेणार, त्यात बिगिन-कमिटचा मोठा व्यवहार चालतच नाही, पैशाचा हिशेब असेल तिथं त्याचं नाव काढू नका. न सांगता मिळते ती सेशन पद्धत, त्यामुळं नुसतं बसवलं आणि फरक पडला नाही असं झालं तर आधी हे बघा.

ट्रान्झॅक्शन पद्धत लावल्यावर आमचं दहा दिवसाचं बिल अडकलं. डेअरीत दर दहा दिवसांनी बिल निघतंय, आणि एकाच डेअरीचं बिल दोघांनी एकदम काढू नये म्हणून आम्ही पोस्टग्रेसचं ॲडव्हायझरी कुलूप वापरायचो, सुरुवातीला कुलूप लावायचं, बिल झालं की काढायचं. ते कुलूप होतं सेशनचं, म्हणजे कनेक्शनला चिकटणारं. आता कुलूप लावलं एका कनेक्शनवर, मधला व्यवहार संपला, पीजीबाउन्सरनं ते कनेक्शन दुसऱ्याला दिलं, आणि कुलूप काढायची ओळ गेली भलत्याच कनेक्शनवर. तिथं कुलूपच नाही तर काढणार काय. पहिलं कुलूप तसंच लटकत राहिलं आणि त्या डेअरीचं पुढचं बिल कितीही वेळा बटण दाबलं तरी निघेना. याहून वाईट म्हणजे उलटं पण होऊ शकतं, दुसऱ्या माणसाला नेमकं तेच कनेक्शन मिळालं तर पोस्टग्रेस म्हणतो हे कुलूप तुझंच आहे की, ये आत, आणि बिल दोनदा. उपाय सोपा होता, व्यवहारापुरतं टिकणारं कुलूप वापरायचं, ते कमिटबरोबर आपोआप सुटतं, पण ते कळेपर्यंत दोन डेअऱ्यांचे सभासद बिलासाठी थांबून राहिले. दूधवाल्याचं दहा दिवसाचं बिल म्हणजे पेंडीची उधारी, पोराची फी, सगळं त्यावर असतं. तेव्हा ट्रान्झॅक्शन पद्धत लावण्याआधी कोडमध्ये सेशनला चिकटणारं काय काय आहे ते शोधा, कुलपं, तात्पुरती टेबलं, सेट करून ठेवलेल्या गोष्टी, लिसन (डेटाबेसच्या निरोपाची वाट बघणं) वगैरे. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (डेटाबेसला आधीच तयार करून ठेवायला दिलेल्या ओळींची) पण हीच रड असायची, २०२३ च्या १.२१ आवृत्तीपासून त्याची सोय झाली, तरी सेटिंग चालू आहे का बघून घ्या.

हे झालं कनेक्शनचं. दुसरा प्रश्न, वाचणं आणि लिहिणं वेगळं करायचं. एक मुख्य डेटाबेस, त्याच्या दोन प्रती म्हणजे रेप्लिका, लिहायचं ते मुख्यावर आणि वाचायचं ते प्रतींवर. इथं लोक म्हणतात लोड बॅलन्सर लावा, तो तिघांत वाटून देईल. अहो पण तो कागद वाचत नाही. इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद लिहिणारी ओळ, असलेलं कनेक्शन त्यानं प्रतीकडं पाठवलं की पोस्टग्रेस सरळ नाही म्हणतो, इथं फक्त वाचता येतंय. नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढंच तपासलं तर मुख्याचं पण उघडं आणि प्रतीचं पण उघडं, दारातल्या माणसाला दोन्ही खिडक्या सारख्याच. म्हणून एचएप्रॉक्सी वापरणारे दोन वेगळी दारं करतात, लिहायला एक पोर्ट आणि वाचायला दुसरं, आणि कुठलं मशीन सध्या मुख्य आहे ते पट्रोनीला, म्हणजे मुख्य कोण हे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारतात. पट्रोनी प्रत्येक मशीनवर ८००८ पोर्टवर उत्तर देतो, मुख्य असेल तर २०० (म्हणजे हो), नसेल तर ५०३ (म्हणजे नाही). मुख्य मशीन पडून दुसरं मुख्य झालं की ही उत्तरं बदलतात आणि एचएप्रॉक्सी नव्या मशीनकडं वळतो. हे फार चांगलं चालतं. पण कुठल्या दारानं जायचं हे तुमच्या कोडनं ठरवायचं, बरं का. पीजीबाउन्सर पण हे ठरवत नाही, पुष्कळ जणांना वाटतं तो ठरवतो.

मायएसक्यूएलकडं प्रॉक्सीएसक्यूएल आहे, तो खरोखर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली ओळ, वाचतो. तुमचं ॲप एकाच दारावर येतंय, ६०३३ वर (३३०६ उलटं वाचा), आणि तो नियम बघून ठरवतो ही मुख्याकडं, ही प्रतीकडं. कुठलं मशीन फक्त वाचण्यासाठी आहे हे तो स्वतः विचारत राहतो. पोस्टग्रेसमध्ये असं काम पीजीपूल करतो. ऐकायला इतकं गोड वाटतंय की माणूस पहिल्याच दिवशी नियम टाकतो, सिलेक्टनं, म्हणजे वाचायच्या हुकमानं, सुरू होणारं सगळं प्रतींकडं. असं करू नका.

आम्ही केलं होतं, प्रॉक्सीतून नाही, कोडमधूनच, पण चूक तीच. प्रतीकडं माहिती मागून पोचते, कधी काही मिलिसेकंद, मोठा रिपोर्ट चालू असला की काही सेकंद. एका डेअरीत सचिवानं पावती काढली, सभासद म्हणाला खात्यावर दाखवा, सचिवानं खातं उघडलं तर आजचं दूध नाही. लिहिलं मुख्यावर आणि वाचलं प्रतीवरनं. सचिव बिचारा प्रामाणिक माणूस, त्याला वाटलं नोंद झालीच नाही, त्यानं परत टाकलं. एकाच किटलीची दोनदा नोंद. डेटाबेस चुकला नव्हता, नेटवर्क चुकलं नव्हतं, एरर कुठंच नव्हती, म्हणूनच ते सापडायला वेळ लागला.

कुठली माहिती दोन सेकंद जुनी चालते हे कुठल्याच प्रॉक्सीला कळू शकत नाही, कारण ते क्वेरीत लिहिलेलं नसतंय, ते डेअरीच्या कट्ट्यावर कळतं. आता आमच्याकडं पावती आणि सभासदाचं खातं मुख्यावरनंच वाचतो, महिन्याचे रिपोर्ट, फॅटची सरासरी, तालुकावार बेरजा असलं सगळं प्रतींवरनं. प्रॉक्सीएसक्यूएल बनवणाऱ्यांचा सल्ला पण याच दिशेचा आहे, सुरुवातीला सगळं मुख्याकडं जाऊ दे, कुठल्या क्वेऱ्या सगळ्यात जास्त वेळ खातात त्याची आकडेवारी तोच देतो ती बघ, आणि मग त्यातल्या चालतील तेवढ्याच निवडून प्रतींकडं हलव. आणि सिलेक्ट फॉर अपडेट ही दिसायला वाचणारी पण मनात लिहायचं असलेली क्वेरी आहे, ती मुख्याकडंच गेली पाहिजे.

लोड बॅलन्सरबद्दल आणि एक बारीक गोष्ट, जी आम्हाला रिपोर्टच्या प्रतींवर कळली. दोन प्रतींपुढं एचएप्रॉक्सी, एक प्रत अपडेटसाठी बंद करून चालू केली, आणि संध्याकाळपर्यंत बघतोय तर सगळा भार दुसरीवरच, पहिली रिकामी. कारण वाटणी फक्त नवीन कनेक्शन येताना होते. आधीची सगळी दुसरीकडं गेली आणि पूलनं ती धरून ठेवली, नवीन कनेक्शन यायचं कारणच उरलं नाही. ॲपच्या पूलमध्ये कनेक्शनचं आयुष्य ठरवून द्या, अर्ध्या तासानं जुनं टाकून नवीन घे असं, आणि पाळीपाळीनं वाटण्यापेक्षा जिथं कमी कनेक्शनं आहेत तिथं पाठव हा नियम लावा. मग हळूहळू सारखं होतंय.

निपाणीच्या पोरीनं नंतर विचारलं ते पण चांगलं होतं, की पीजीबाउन्सर प्रत्येक ॲप सर्व्हरवर ठेवला तर? ठेवता येतो, एक उडी वाचते. पण प्रत्येकाचा पूल २० धरला तर तीन सर्व्हरचे ६०, पाचचे १००, म्हणजे जो हिशेब चुकला म्हणून हे सगळं झालं तोच परत दारात. मी डेटाबेसच्या जवळ ठेवतो. एकच ठेवला तर तो पडल्यावर सगळंच बंद, शिवाय तो एकाच कोअरवर चालतो, म्हणून दोन ठेवायचे, प्रत्येकी दहाचा पूल, आणि त्या दोघांच्या पुढं लोड बॅलन्सर. बघा, इथं दोघं एकमेकांना धरून आहेत. पुढचा दारातला माणूस नुसता विचारतो दोघांपैकी कोण चालू आहे, आणि मागचा कागद वाचतो.

सगळ्यांना हे सगळं लागतंय असं अजिबात नाही. एक ॲप सर्व्हर, एक डेटाबेस, कनेक्शन तीस-चाळीस, तर फ्रेमवर्कमधला पूल पुरे, मध्ये काहीच घालू नका, मध्ये घातलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे रात्री उठवणारी आणि एक गोष्ट. मुख्य डेटाबेस पडल्यावर दुसऱ्यावर जायचं एवढंच हवं असेल तर पोस्टग्रेसचा स्वतःचा ड्रायव्हर पण ते करतो, १० व्या आवृत्तीपासून, दोन-तीन मशीनची नावं द्यायची आणि ज्यावर लिहिता येतंय ते निवड म्हणायचं.

आता तिला रोजचं काम दिलंय. सकाळी सव्वासहाला पीजीबाउन्सरला शो पूल्स विचारायचं आणि दोन आकडे बघायचे, किती क्लायंट थांबलेत आणि डेटाबेसकडची किती कनेक्शनं कामात आहेत. थांबलेले शून्य, सगळं ठीक. थांबलेले आहेत आणि दोन्हीकडची मिळून वीसच्या वीस कामात आहेत, पण डेटाबेसचा सीपीयू निवांत आहे, तर कोण व्यवहार उघडून झोपलंय ते शोधायचं, बहुतेक वेळा कुणीतरी बिगिन आणि कमिटच्या मध्ये एसएमएस पाठवत बसलेलं असतंय. सीपीयू पण भरलाय तर पूल वाढवून काही होणार नाही, क्वेरी उघडून बघायची. काल तिला सात थांबलेले दिसले, सीपीयू निवांत. शोधलं तर खरंच पावतीच्या एसएमएसची ओळ कमिटच्या आधी होती. तिनं ती कमिटच्या खाली आणली, आणि आज सकाळी शून्य.